माइनक्राफ्टची बारा लाकडं

माइनक्राफ्टमध्ये पहिलं झाड तोडायला कुऱ्हाड लागत नाही. रिकाम्या हाताने बुंध्यावर तीनेक सेकंद ठोसे मारत राहिलं की ओंडक्याचा एक ठोकळा सुटून हातात येतो. त्या ओंडक्याच्या चार फळ्या होतात. चार फळ्यांचं कामाचं टेबल होतं, दोन फळ्यांच्या चार काठ्या होतात, आणि टेबलावर काठ्या-फळ्या नीट जुळवल्या की कुदळ, कुऱ्हाड, फावडं तयार. त्या कुदळीने दगड निघतो, दगडाच्या कुदळीने लोखंड, लोखंडाच्या कुदळीने हिरे. कोट्यवधी लोकांनी या खेळात जे किल्ले, गावं, रेल्वे आणि राजवाडे उभे केले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशीच एका झाडापाशी झाली आहे.

त्या चार फळ्यांपाशी जरा थांबायला हवं. या जगात सगळं काही एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच ठोकळ्यांत मोजतात. ओंडका म्हणजे एक घनमीटर लाकूड. ‘फळी’ म्हणतो तोही पूर्ण घनमीटरचा भरीव ठोकळाच असतो. म्हणजे एका घनमीटर ओंडक्यातून चार घनमीटर लाकूड बाहेर येतं! आपल्याकडच्या वखारीत उलटं होतं. गोल ओंडका करवतीखाली गेला की साल, छाट आणि भुसा यांत बराच माल गळतो. शिवाय वजन. वाळलेल्या ओकचं एक घनमीटर लाकूड साधारण ७०० किलो भरतं. खेळाडूच्या सामानात ३६ कप्पे असतात आणि एका कप्प्यात ६४ ओंडके मावतात. म्हणजे २३०४ ओंडके, सुमारे १६०० टन लाकूड अंगावर घेऊन तो धावतो, पोहतो, डोंगर चढतो.

सुताराला लाकडाविषयी जे जे विचारावंसं वाटतं ते सगळं या खेळाने बाजूला काढून ठेवलं आहे. वजन नाही, वाळवी नाही, गाठी नाहीत, पावसाळ्यात दार फुगत नाही. सागवान सावरीपेक्षा कशात सरस, हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. ओकचा ठोकळा फोडायला जितका वेळ लागतो तितकाच बर्चचा, तितकाच चेरीचा. तरीही खेळात आज बारा प्रकारचं लाकूड आहे आणि खेळाडू हव्या त्या लाकडासाठी तासन् तास पायपीट करतात. सगळं काढून घेतल्यावर लाकडाजवळ दोन गोष्टी उरल्या आहेत, त्याचा रंग आणि त्याचा पत्ता. केशरी भिंत हवी तर अकेशियाच्या माळरानापर्यंत जायला हवं, गडद तपकिरी हवी तर गर्द ओकच्या अंधाऱ्या रानात. झाड कुठे उगवतं हे ठाऊक असल्याशिवाय घराचा रंग ठरत नाही. माणसाला झाडांची ओळख करून द्यायची याहून देखणी युक्ती मला माहीत नाही.

सुरुवातीला लाकूड एकच होतं. मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९च्या मे महिन्यात हा खेळ लोकांसमोर ठेवला. त्यात झाडं आली तेव्हा झाड म्हणजे ओक, एवढंच होतं. जानेवारी २०११मध्ये त्यात दोन लाकडांची भर पडली, स्प्रूस आणि बर्च. स्वीडनचा नकाशा पाहिला की ही निवड किती सहज झाली असेल ते कळतं. त्या देशाची सुमारे दोन तृतीयांश जमीन जंगलाखाली आहे, आणि त्या जंगलात मुख्यतः पाइन, स्प्रूस आणि बर्चच उभे असतात. बर्चची ती पांढरीशुभ्र साल खेळातही तशीच आली. खऱ्या झाडात हा पांढरेपणा बेट्युलिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. सालीतले त्याचे बारीक स्फटिक प्रकाश परतवतात.

गंमत म्हणजे तिन्ही झाडांच्या साली वेगळ्या असल्या तरी ओंडका चिरला की फळी एकाच रंगाची निघे, ओकच्या. बर्चची फळी बर्चसारखी फिकट व्हायला मार्च २०१२ उजाडावं लागलं. त्याच महिन्यात जंगल-वृक्षाचं चौथं लाकूडही आलं. मग ऑक्टोबर २०१३मध्ये पाचवं आणि सहावं आलं, अकेशिया आणि गर्द ओक. या दोघांच्या वेळी पडद्यामागे एक अडचण उभी राहिली. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो.

त्या काळी खेळातल्या प्रत्येक ठोकळ्याला एक क्रमांक असे. ओंडक्याचा क्रमांक १७. क्रमांकासोबत आणखी चार द्विमान अंक, म्हणजे शून्य किंवा एक असलेल्या चार जागा मिळत. एवढ्याच जागेत त्या ओंडक्याची सगळी हकिकत लिहायची. त्यातल्या दोन जागा झाडाच्या जातीसाठी होत्या. दोन जागांत चारच शक्यता मावतात: शून्य म्हणजे ओक, एक म्हणजे स्प्रूस, दोन म्हणजे बर्च, तीन म्हणजे जंगल-वृक्ष. उरलेल्या दोन जागांत ओंडका कसा ठेवला आहे ते लिहीत: उभा, पूर्व-पश्चिम आडवा, उत्तर-दक्षिण आडवा, किंवा सहाही बाजूंनी साल असलेला. तिथेही चार. चार गुणिले चार, सोळाच्या सोळा घरं भरली! चार खणांचं कपाट भरून गेल्यावर पाचव्या वस्तूसाठी दुसरं कपाट आणावं लागतं, तसं अकेशिया आणि गर्द ओक यांच्यासाठी अगदी नवा क्रमांक काढावा लागला, १६२. फळ्यांवर मात्र ही वेळ आली नाही. फळीच्या ठोकळ्याला उभं-आडवं नसतं, त्यामुळे तिच्या चारही जागा जातीसाठी मोकळ्या होत्या. सहाही लाकडांच्या फळ्या एकाच क्रमांकाखाली आरामात राहिल्या. २०१८च्या १.१३ या आवृत्तीत ही आकड्यांची व्यवस्था मोडून प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचं नाव मिळालं आणि लाकडांच्या संख्येवरचं हे बंधन गेलं.

पानांची कथा आणखी नाजूक आहे. ओकच्या पानांचं मूळ चित्र १६ बाय १६ ठिपक्यांचं आहे आणि ते हिरवं नाही, करड्या रंगाचं आहे. रंग त्याला पडद्यावर येताना मिळतो. खेळात २५६ बाय २५६ ठिपक्यांचा एक रंगपट असतो. त्याच्या एका बाजूने तापमान मोजायचं, दुसऱ्या बाजूने ओलावा. झाड ज्या प्रदेशात उभं आहे तिथलं तापमान आणि ओलावा घेऊन या पटावरचा एक ठिपका गाठायचा, आणि त्या ठिपक्याचा हिरवा त्या पानांना चढवायचा. म्हणून एकच ओक दमट जंगलात गडद हिरवागार दिसतो आणि कोरड्या माळावर पिवळट. बर्च आणि स्प्रूस यांना मात्र या पटातून वगळलं आहे. त्यांचा हिरवा कुठेही नेला तरी तोच राहतो.

बुंधा तोडून नेला तर ही पानं काय करतात? वरचा पाला काही क्षण तसाच हवेत राहतो, मग एकेक ठोकळा नाहीसा होऊ लागतो. पानाला कळतं कसं की झाड गेलं? खेळाच्या जावा आवृत्तीत पानाचा प्रत्येक ठोकळा स्वतःजवळ एक आकडा बाळगतो. ओंडक्याला चिकटून असलेल्या पानाचा आकडा १. त्याला चिकटलेल्या पुढच्या पानाचा २, त्याच्या पुढच्याचा ३. शेजाऱ्यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान, त्यात एक मिळवला की आपला आकडा. ओंडका काढला की ही बेरीज पानापानांतून पुन्हा होते, आकडे चढत जातात आणि ७वर येऊन थांबतात. सातचं पान म्हणजे आधार तुटलेलं पान. कुठल्याही पानाला अख्खं झाड दिसत नाही. त्याला फक्त सहा बाजूंचे शेजारी माहीत असतात, आणि तेवढ्यावर संपूर्ण झाडाचं मरण त्याच्यापर्यंत पोचतं.

सातचं पान लगेच का गळत नाही, याचं उत्तर खेळाच्या ठोक्यात आहे. खेळ सेकंदाला वीस वेळा पुढे सरकतो. दर ठोक्याला १६ बाय १६ बाय १६च्या प्रत्येक तुकड्यातले, म्हणजे ४०९६ ठोकळ्यांपैकी, कोणतेही तीन सोडतीने निवडले जातात. ज्याचा नंबर लागला त्यालाच बदलण्याची संधी. हिशेब केला तर एका ठोकळ्याची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते. पाला एकदम न कोसळता विरळ होत जातो तो या सोडतीमुळे. रोपही याच सोडतीवर वाढतं. पुरेसा उजेड असेल तर प्रत्येक पाळीला सातात एक अशी शक्यता, आणि दोन पायऱ्या चढल्या की झाड. वर मोकळी जागा असेल तर सरासरी सोळा मिनिटं लागतात. खेळातला एक दिवस वीस मिनिटांचा असतो. सकाळी लावलेलं रोप बहुधा त्याच रात्रीपर्यंत तोडण्याजोगं झालेलं असतं.

नंतर आलेल्या लाकडांत चेरी, अर्थात, सर्वांत लाडकी झाली. २०२३मध्ये आलेल्या या झाडाच्या गुलाबी पाकळ्या डोंगरउतारावर सतत झरत असतात. माझं मन मात्र २०२२मध्ये आलेल्या खारफुटीवर जडलं आहे. बाकीच्या झाडांची रोपं पाला गळताना खाली पडतात. खारफुटीचं तसं नाही. तिच्या पानांखाली रोप लटकतं, झाडावरच टप्प्याटप्प्याने लांब होतं, आणि पुरतं वाढल्यावर ते काढून चिखलात किंवा थेट पाण्याखाली लावता येतं. ही कल्पना कुणी मनाने रचलेली नाही. कोकणातल्या खाड्यांत कांदळाच्या झाडाखाली उभं राहून वर पाहिलं तर हिरव्या शेंगांसारखं जे लोंबताना दिसतं, ते फळ नसून कोंब फुटलेलं रोप असतं. कांदळाचं बी आईच्या अंगावरच रुजतं. मग ते खाली सुटतं, ओहोटी असेल तर चिखलात रुततं, भरती असेल तर तरंगत दुसरीकडे जातं. स्टॉकहोममध्ये बसून हा खेळ घडवणाऱ्या माणसांनी इतका बारकावा टिपला, याचा मला मनापासून आनंद होतो.

बांबूचा प्रवास वेगळा. वनस्पतिशास्त्रात बांबू गवतात मोडतो. खेळात तो आला २०१९मध्ये आणि चार वर्षं नुसताच बांबू होता. २०२३मध्ये त्याला लाकडाच्या पंगतीत बसवलं. नऊ बांबूंचा एक ठोकळा, आणि त्या ठोकळ्याच्या फळ्या फक्त दोन, इतर लाकडांच्या निम्म्या. त्याची होडी होत नाही, तराफा होतो. आपल्या देशात बांबू नेमका उलट्या दिशेने गेला आहे. १९२७च्या भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येत बांबूचा समावेश होता, तो नोव्हेंबर २०१७मध्ये काढण्यात आला, म्हणजे रानाबाहेर लावलेला बांबू तोडणं आणि नेणं शेतकऱ्याला सोपं व्हावं. कायद्याने ज्याला झाडांतून वगळलं त्याला सहा वर्षांनी एका खेळाने लाकडांत घेतलं!

बारांपैकी दोन लाकडं झाडांची नाहीतच. २०२०मध्ये ती खेळातल्या पाताळात, नेदरमध्ये उगवली. एक किरमिजी, दुसरं निळसर हिरवं. दोन्ही प्रचंड वाढलेल्या बुरशी आहेत, आणि सभोवती लाव्हारस वाहत असूनही त्या पेट घेत नाहीत. भट्टीतही त्यांचं जळण होत नाही. झाडाएवढी बुरशी ही कविकल्पना वाटेल, पण पृथ्वीच्या पोटात तिच्यासारखं काही सापडलं आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, उंच झाडं अजून जन्मायची होती तेव्हा, जमिनीवर प्रोटोटॅक्साइट्स नावाचे आठ मीटरपर्यंत उंचीचे खांब उभे होते. कॅनडात सापडलेल्या त्यांच्या जीवाश्मांचं १८५९मध्ये डॉसन या भूवैज्ञानिकाने वर्णन केलं, तेव्हा त्यांना सूचिपर्णी झाडाचं खोड समजलं गेलं. पुढे अनेकांनी त्यांना बुरशी ठरवलं, आणि वाद अजून मिटलेला नाही.

बारावं लाकूड डिसेंबर २०२४चं, फिकट ओक. त्याची साल करडी, पानं करडी आणि फळी जवळजवळ पांढरी. बर्चची फळी पिवळसर असल्यामुळे खऱ्या पांढऱ्या लाकडासाठी घरं बांधणारे किती वर्षं आसुसले होते! ते मिळालं, पण फिकट रानात. तिथल्या काही बुंध्यांत, दोन ओंडक्यांच्या मधे, एक ‘हृदय’ दडलेलं असतं. अंधार पडला की त्यातून करकरत चालणारा लाकडी प्राणी निघतो. त्याच्याकडे पाहत असाल तोवर तो जागचा हलत नाही, नजर वळली की पुढे येतो. त्याच्यावर कितीही वार केले तरी उपयोग नाही, बुंध्यातलं हृदय शोधून फोडावं लागतं. रोपं मात्र दिवसाउजेडी गोळा करून घराकडे न्यावीत आणि चार रोपं दोन बाय दोनच्या चौकटीत लावावीत. एकटं रोप कधीच वाढत नाही. घरी लावलेल्या अशा झाडात हृदय येत नाही, नुसतं पांढरं लाकूड मिळतं, हवं तेवढं.