पोटॅशियमच्या मापाची बांगडी

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘पोटॅशियम ४.२’ असं छापलेलं असतं. ते मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकाला पीव्हीसीचा पातळ पडदा असतो आणि त्यात मुरवलेलं व्हॅलिनोमायसिन. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी घडवलेला हा रेणू बांगडीसारखा गोल. आतल्या बाजूला ऑक्सिजनचे सहा अणू, त्यांच्यामध्ये पोटॅशियमचा आयन नेमका बसतो. सोडियमचा आयन लहान, सहाही ऑक्सिजनना तो एकदम टेकत नाही. म्हणून रक्तात सोडियम तिसेक पट जास्त असूनही गल्लत होत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला ठरलेल्या तीव्रतेचं द्रावण. दोन्हींतल्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. २५ अंश सेल्सिअसला तीव्रता दहापट झाली, की ते सुमारे ५९ मिलिव्होल्टनं बदलतं. पण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर हा निरोगी माणसाचा पट्टा जेमतेम ९ मिलिव्होल्टचा! त्यामुळे माहीत असलेल्या द्रावणांवर इलेक्ट्रोड पुन्हापुन्हा जुळवून घ्यावाच लागतो.

रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा उगाच चढतो. लॅबनं नमुना पुन्हा मागितला, तर कुरकुर न करता द्यावा.