सासूबाईंचा सीडी प्लेअर : पातळ अंगाचा, पण रोजच्या कामाचा?

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की आमच्या सासूबाईंची गाणी ऐकायची वेळ. हा नेम मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघते आहे. आधी ट्रान्झिस्टर होता, मग टेपरेकॉर्डर आला आणि त्यानंतर सीडीचा मोठा प्लेअर. दोन वर्षांपूर्वी तो बिघडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मुलं म्हणाली, "आजी, आता मोबाईलवर सगळं मिळतं. सीडी कोण ऐकतं हल्ली?"

मोबाईलवर सगळं मिळतं हे खरंच. पण काचबिंदूमुळे सासूबाईंची नजर अधू झाली आहे. गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचं ते त्यांना दिसत नाही. भलत्याच ठिकाणी बोट लागतं, मधेच जाहिरात सुरू होते, नाहीतर कुणालातरी फोन लागतो. पहिला महिनाभर "अरे, जरा लावून देता का रे?" अशी हाक यायची. मग हाका थांबल्या. मला वाटलं, वय झालं, आता पडून राहावंसं वाटत असेल. एकदा सहज विचारलं, "आई, हल्ली गाणी ऐकावीशी वाटत नाहीत का?"

"वाटायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "पण एका गाण्यासाठी कुणाकुणाला हाका मारायच्या गं? तुम्ही सगळे आपापल्या कामात."

माझ्या मनाला चटका लागला. कपाटात साठ-सत्तर सीडी धूळ खात पडल्या होत्या आणि ज्यांच्यासाठी त्या जमवल्या, त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत होत्या. वन्संचा मुलगा पुण्यात असतो, त्याला या वस्तूंचा नाद आहे. तो म्हणाला, "मामी, हातात मावणारे पातळ सीडी प्लेअर अजून मिळतात. आठ दिवस वापरून बघ, नाही आवडला तर परत करू." असा तो आमच्या घरी आला. पुढचे आठ दिवस आम्ही दोघी सासू-सुनांनी त्याची जी परीक्षा घेतली, ती तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी थोडी ओळख

सीडी ही फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेली वस्तू. तिचा पहिला प्लेअर १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये विक्रीला आला आणि दोनच वर्षांनी, १९८४ साली, सोनीने हातात घेऊन फिरता येईल असा छोटा प्लेअर काढला. तबकडी १२ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड. म्हणजे प्लेअर कितीही छोटा केला, तरी पुरीएवढा राहणारच. कमी करता येते ती फक्त त्याची जाडी. आमचा प्लेअर दोन बोटं जाड आहे. दिसायला मोठा गोंडस, एखादी चपटी पानाची डबीच जणू.

जुन्या रेकॉर्डवर सुई घासत जाते, तशी इथे कोणतीच वस्तू तबकडीला टेकत नाही. लेसरचा न दिसणारा किरण खालून पडतो आणि आतल्या बाजूपासून कडेकडे वाचत जातो. त्यामुळे सीडी कितीदाही वाजवली तरी झिजत नाही. तिला घात होतो तो आपल्या हातून, ओरखड्यांनी आणि उन्हाने.

डोळे मिटून बटणं दाबा

पहिल्याच दिवशी आमची विकेट पडली ती बटणांवर. पातळ दिसावा म्हणून सगळी बटणं सारखीच, चपटी आणि अंगासरशी बसवलेली. दिसणाऱ्याला छानच, पण चाचपडणाऱ्याला कळेचना की सुरू करायचं कुठलं आणि बंद करायचं कुठलं. सासूबाईंनी आवाज वाढवायला म्हणून बटण दाबलं ते भलतंच. आमच्याकडे एकाच एमपीथ्री सीडीवर सगळं गीतरामायण आहे. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अगं, रामाचा जन्म व्हायच्या आधीच लंका जिंकून झाली की!"

गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय चुकून चालू झाली होती. त्याला शफल म्हणतात. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर लागलेली ती ५६ गाणी कथेच्या ओघाने ऐकायची. त्यांना पत्त्यांसारखं पिसून कसं चालेल?

उपाय आमच्या कुंकवाच्या डबीतच निघाला. सुरू करायच्या बटणावर मी एक खड्याची टिकली चिकटवली आणि बंद करायच्या बटणावर मखमलीची. आवाजाच्या बटणाला काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई बोटांनी टिकली शोधतात आणि स्वतः प्लेअर लावतात. टिकली सुटते, ती महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची, एवढंच.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेणार असाल, तर दुकानातच डोळे मिटून बटणं चाचपून पाहा. झाकण एका हाताने उघडतं का, तबकडी मधल्या खुंटीवर नीट टच्‌ करून बसते का आणि काढताना नखं लावावी लागत नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. आणखी एक सोय जरूर विचारावी. बंद केलेलं गाणं पुन्हा लावल्यावर तिथूनच सुरू होतं का? सासूबाईंना ऐकता ऐकता डुलकी लागते. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात झाली, तर शेवटचं गाणं जन्मात ऐकायला मिळायचं नाही.

धक्का आणि सेल

छोटे प्लेअर नवे निघाले तेव्हा जरा हलले की गाणं उडी मारायचं. पुढे त्यात एक युक्ती आली. प्लेअर तबकडी थोडी पुढची वाचून ठेवतो आणि ती साठवण आपल्याला ऐकवतो. धक्का बसून वाचन चुकलं, तरी शिल्लक पुरते तोवर गाणं खंडत नाही. महिन्याचं सामान भरून ठेवलेलं असलं की एक दिवस वाणी बंद असला तरी चूल पेटते, तसंच हे. वाजत असताना प्लेअर हातात धरून हलकेच हलवून पाहावा. आमचा या परीक्षेत पास झाला. मात्र ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवला तेव्हा दोनदा अडखळला. तसाही ओटा ही त्याची जागा नव्हेच. फोडणीची वाफ आणि तेलाचा थर आतल्या भिंगावर बसला की चांगल्या सीडीही अडकायला लागतात. त्या भिंगाला बोट लावू नये. धूळ दिसली तर रबरी फुग्याच्या छोट्या पंपाने हळूच उडवावी.

सेलच्या बाबतीत पातळपणाची किंमत मोजावी लागते. अंग बारीक, तेव्हा पोटात सेलला जागा कमी. आमच्या प्लेअरचा सेल आतच बसवलेला आहे, मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होतो आणि सासूबाईंच्या दोन दुपारी निभावतो. मी आठवणीने एक दिवसाआड लावते. वीज गेली तरी गाणं थांबत नाही, हे सुख उन्हाळ्यात फार मोठं. पण चार-पाच वर्षांनी हा सेल दमला, तर बदलून मिळेल का, हे घेतानाच विचारून ठेवा. साधे पेन्सिल सेल घालायचे थोडे जाड प्लेअरही असतात. तुमच्या गावात दुरुस्तीची सोय नसेल, तर माझ्या मते तेच बरे. फक्त बरेच दिवस वापरायचा नसेल, तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतले भाग खराब करतात.

आवाजाची पारख

यासाठी कान तयार असावा लागतो असं काही नाही. ओळखीची, शंभरदा ऐकलेली एखादी सीडी घेऊन जा. मी नेली ती एका ख्यालगायनाची. सुरुवातीचा तंबोरा स्वच्छ ऐकू येतो का, दोन स्वरांच्या मधल्या शांततेत सूं असा आवाज तर येत नाही ना, आवाज अगदी लहान केला तरी शब्द कळतात का, एवढं पाहिलं तरी पुरे. भारदस्त आवाजासाठी म्हणून एक जास्तीचं बटण असतं. त्याने तबल्याचा डग्गा ढोलासारखा घुमतो आणि गाणारीचा गळा मागे पडतो. ते बंदच ठेवावे.

खरा फरक पडतो तो कानाला लावायच्या वस्तूने. सोबत आलेल्या कानात खुपसायच्या गोळ्यांनी सासूबाईंचे कान दुखले आणि दाराची बेलही ऐकू येईना. त्याऐवजी कानावर नुसते टेकणारे, स्पंजच्या गादीचे हेडफोन घेतले. एरवी आम्ही वायरने एक छोटा स्पीकर जोडतो. बिनवायरीची सोयही या प्लेअरला आहे, पण ती जोडणी मधूनच तुटते आणि पुन्हा जोडायला कुणालातरी हाक मारावीच लागते. ज्या त्रासातून सुटायला ही वस्तू घेतली, तोच पुन्हा कशाला ओढवून घ्यायचा?

ऐकू कमी येतं म्हणून आवाज चढवत नेणं मात्र बरं नव्हे. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांहून जास्त ऐकू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज त्याहून मोठा असेल, तर ही मुदत झपाट्याने कमी होते. हेडफोन लावलेल्या माणसाला हातभर अंतरावरून बोललेलं मुळीच ऐकू गेलं नाही, तर आवाज कमी करायला सांगावं.

घरी केलेल्या सीडीचं काय?

पाचव्या दिवशी सासूबाईंनी कपाटातली एक सीडी आणायला सांगितली. मामंजी रोज पहाटे हरिपाठ म्हणत. त्याची कॅसेट भरलेली होती आणि भावजींनी २००७ साली तिची सीडी करून दिली होती. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली. सीडी घातली, तबकडी फिरल्याचा आवाज आला, पुन्हा फिरली आणि थांबली. प्लेअर म्हणे, आत तबकडीच नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. टिकलीवरचं बोटही त्यांनी काढलं नाही.

विकतच्या सीडीत खाचा कारखान्यातच ठशाने उमटवलेल्या असतात. घरी भरलेल्या सीडीत मात्र एक रंगाचा थर असतो, त्यावर लेसरने खुणा केलेल्या असतात आणि ऊन, उष्णता लागून तो थर कालांतराने फिका पडतो. नाजूक प्लेअरला मग ती वाचता येत नाही. वन्संच्या मुलाने ती पुण्याला नेली. त्याच्या संगणकाने चौथ्या प्रयत्नात कशीबशी वाचली. त्याने दोन नव्या सीडी करून दिल्या, शिवाय संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर एकेक प्रत ठेवली. मैत्रिणींनो, तुमच्या घरातही मुलांचे बोबडे बोल, आजोबांचं भजन, मंगलाष्टकं अशा सीडीवर असतील, तर आजच त्यांची दुसरी प्रत करून घ्या. आणखी वर्षभराने ती वाचता येईलच असं नाही.

दुकानात जाताना

- सोबत तीन सीडी न्याव्यात : एक विकतची, एक घरी भरलेली साधी आणि एक एमपीथ्री. साध्या सीडीत ७४ ते ८० मिनिटं मावतात, एमपीथ्रीत दहा-बारा तासही. तिन्ही वाजल्या तरच पुढे बोलावे.
- परत करायची मुदत आणि हमीची पावती मागून घ्यावी.
- जुना, वापरलेला प्लेअर घेत असाल, तर एक सीडी अथपासून इतिपर्यंत वाजवून पाहावी. शेवटची गाणी कडेला असतात आणि दोष पुष्कळदा तिथेच कळतो.
- सीडी पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. ताट पुसतो तशी गोल गोल पुसू नये.
- चकचकीत बाजू आपण जपतो, पण चित्राची बाजूही तितकीच जपावी. चांदीसारखा थर तिच्याच लगेच खाली असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहू नये.

मग घ्यावा का?

तुम्हाला मोबाईल सराईतपणे वापरता येत असेल आणि घरात सीडी नसतील, तर या वस्तूवर पैसे घालू नयेत, असं मी स्पष्टच सांगेन. कपाटात सीडी आहेत, ऐकणारं माणूस आहे आणि त्याला कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत, अशा घरी मात्र जरूर घ्यावा. पातळपणावर भाळू नका. जरा जाड चालेल, पण बटणं हाताला लागणारी हवीत. आम्ही आमचा ठेवून घेतला. टिकल्यांमुळे तो निभावला.

काल दुपारी ओटा पुसत होते. आतून मामंजींचा हरिपाठ ऐकू येत होता. मधेच त्या जुन्या ध्वनिफितीत एक बाई म्हणाली, "चहा निवतोय हो!" तो आवाज सासूबाईंचाच, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. हरिपाठ क्षणभर थांबला. आतून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खट्‌ असं बटण वाजलं. सासूबाईंनी तेवढंच पुन्हा मागे नेऊन लावलं होतं. या वेळी कुणालाही हाक न मारता.