आवाज नेमका कुठून येतोय?

पावसाळ्याचे चार महिने खड्डे आणि चिखल सोसल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास जुन्या गाड्यांची कुरकुर सुरू होते. मालक गॅरेजमध्ये जाऊन ‘कसलातरी आवाज येतोय’ एवढंच सांगतो. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो, बिल वाढत जातं आणि आवाज मात्र तसाच राहतो. हे टाळायचं तर आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे आधी पाहायला हवं.

पहिली परीक्षा गाडी जागेवर उभी असतानाच करायची. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि थोडी रेस करा. रेसबरोबर आवाज वाढला तर मूळ इंजिन, फॅन बेल्ट, अल्टरनेटर किंवा सायलेन्सरकडे आहे. आता क्लच दाबा. आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लच बेअरिंगवर. गाडी चालू लागल्यावरच येणारा आवाज चाकं, ब्रेक, एक्सल किंवा सस्पेन्शनचा असतो.

पुढचा शोध गाडीच्या बांधणीवर ठरतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मधल्या लांब शाफ्टचा क्रॉस झिजला की गाडी उचलताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढचीच चाकं गाडी ओढतात, त्यामुळे हा शाफ्टच नाही. तिथे चाकाजवळचा एक्सल जॉइंट तपासायचा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. वेगाच्या तालात ‘कट-कट-कट’ ऐकू आलं तर जॉइंट झिजलाय. बहुतेक वेळा त्याआधी जॉइंटवरचं रबरी बूट फाटलेलं असतं. ग्रीस बाहेर पडतं, माती-पाणी आत जातं. फाटलेलं बूट वेळीच दिसलं तर नवं बूट आणि ताजं ग्रीस एवढ्यावर काम भागतं.

चाकाचं बेअरिंग गेलं की घरघर सुरू होते आणि ती वेगाबरोबर वाढते. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर आधी उजव्या बाजूचं बेअरिंग पाहावं.

इंजिनच्या आवाजात एक फरक ओळखता आलाच पाहिजे. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून ८०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो. टॅपेटची फट वाढली की हलकी, एकसारखी टिकटिक येते. फिलर गेज लावून फट जुळवली की ती बहुधा जाते. चढावर, जोर पडताच इंजिनच्या तळातून येणारी जड ठकठक मात्र बेअरिंगची असू शकते. तेव्हा गाडी दामटू नये. ऑइलचा दिवाही लागला असेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करावं.

इंजिन थंड असताना येणारी आणि तापल्यावर कमी होणारी फटफट कधीकधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून निसटणाऱ्या धुराची असते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून आवाज कमी झाला तरी दुरुस्ती टाळू नये. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर तो आठवडाभर ऐकत बसण्यासारखा नसतो.

गॅरेजला जाण्यापूर्वी चार ओळी लिहून न्या: इंजिन थंड की गरम, वेग किती, कोणता गिअर, सरळ रस्त्यावर की वळणावर. मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. आणि त्या वेळेचे पैसे आपणहून द्या. आपल्याकडे पार्टचे पैसे बिनतक्रार दिले जातात, पण ऐकून दोष शोधण्याची किंमत बिलात कुठेच धरली जात नाही. मग मेकॅनिकलाही पार्ट बदलणंच परवडतं. जुन्या गाड्या टिकाव्यात असं वाटत असेल, तर चांगल्या कानाच्या मेकॅनिकलाही त्याच्या कसबावर पोट भरता आलं पाहिजे.