थायलंडमधलं निवृत्त जीवन आणि दरवर्षीची मुदतवाढ

थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहायला वयाची पन्नाशी पूर्ण हवी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. लोक अडकतात ते दरवर्षीच्या मुदतवाढीत, आणि तेही पैशांपाशी. थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बात अर्जाआधी किमान दोन महिने पडून हवेत. मंजुरीनंतरही तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. पुढेही शिल्लक ४ लाखांखाली जाता कामा नये. उसने पैसे आणून महिनाभरात परत करायची जुनी युक्ती २०१९पासून या नियमाने संपली. बरंच झालं! दुसरा मार्ग दरमहा ६५ हजार बात उत्पन्नाचा.

सोबत टीएम ७ फॉर्म, बँकेचं पत्र, ताजी नोंद केलेलं पासबुक आणि १,९०० बात शुल्क.

देशाबाहेर पडण्याआधी री-एंट्री परमिट घ्याच. एका फेरीचं १,०००, अनेक फेऱ्यांचं ३,८०० बात. ते न घेता गणपतीला घरी आलात, तर मुदतवाढ तिथेच रद्द! दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो तो वेगळा. त्याने मुक्काम वाढत नाही.

कागदांची यादी प्रत्येक इमिग्रेशन कार्यालयात थोडी बदलते. त्यामुळे मुदत संपायच्या बरंच आधी आपल्याच कार्यालयातून यादी घेऊन या.