वास्तू उभी राहते, पगाराचे काय?

विशेष गरजा असलेल्या बालकांसाठी केंद्र काढायचे ठरले, की निधिसंकलन बहुधा इमारतीपासून सुरू होते. खोलीला, लिफ्टला देणगीदार मिळतो. कोनशिलेवर नाव कोरता येते. परंतु सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष वा स्वमग्नता असलेल्या मुलाला हात देतात ते फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक. मेंदूची जडणघडण पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक वेगाने होते. पगाराअभावी तज्ज्ञ सोडून गेला, तर दोन वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांचा खंड फार महागात पडतो.

कंपनी कायदा, २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. विशेष शिक्षण त्यात बसते. मात्र असा बहुवर्षीय प्रकल्प आरंभीचे वर्ष वगळता फार तर तीन वर्षे चालतो; पुढे पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतीक्षा. उद्घाटनाच्या सोहळ्यात हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही!

म्हणूनच दरमहा ५०० रुपये देणारी शंभर घरे जोडणे अधिक मोलाचे. महिन्याला ५० हजार जमले, तर एका तज्ज्ञाचा पगार निघू शकतो. ही रक्कम बँकेमार्फतच घ्यावी. २ हजार रुपयांवरील रोख देणगीवर दात्याला प्राप्तिकराची वजावट मिळत नाही.