विषाणूला जात नसते, मग मृत्यूला कशी?

साथ आली की एक वाक्य हमखास कानावर येते : 'रोग काही जात पाहून येत नाही.' ऐकायला हे बरे वाटते. पण मुंबईतील १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे आकडे पाहिले की त्यातला फोलपणा उघडा पडतो. त्या साथीत मुंबईत दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९ आणि मुस्लिम १९.२ या प्रमाणात दगावले. आणि ज्यांची नोंद 'खालच्या जातीचे हिंदू' अशी झाली, ते दर हजारी ६१.६ मेले! सवर्णांच्या तिपटीहून अधिक, युरोपियनांच्या सातपटीहून अधिक. शहर तेच, विषाणू तोच. मग हा फरक कोणी केला?

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे गेली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. एका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे राहत होती. अर्धपोटी, अंधाऱ्या खोलीत, पाणी पाजायलाही कोणी उठू शकत नाही अशा अवस्थेत आपली माणसे न्यूमोनियाने गेली. देशभरात एक कोटीहून अधिक बळी गेले, त्यांत ऐन कमावत्या वयाचे फार होते.

हा रोग समजून घेतला पाहिजे. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. पक्षी आणि डुकरे यांच्यातील विषाणू कधी अगदी नवे रूप घेऊन माणसांत शिरतो. त्याच्याशी लढण्याची शक्ती बहुतेकांच्या शरीरात नसते, म्हणून तो जगभर पसरतो. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ साली हेच घडले. २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आला, तर ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. अशी साथ पुन्हा येणार हे जगभरचे शास्त्रज्ञ सांगतात. कधी येणार, एवढाच प्रश्न आहे.

२०२० चा कोरोना हा वेगळा विषाणू. पण व्यवस्था तीच! २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. मजूर पायी निघाले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि साऱ्या वस्तीला एक संडास, त्यांना सांगितले गेले, 'अंतर पाळा.' त्याला नावही दिले 'सोशल डिस्टन्सिंग'! सामाजिक अंतर या देशाने आम्हांला हजारो वर्षे शिकवले आहे. रोग टाळायला हवे असते ते शरीराचे अंतर, आणि त्यासाठी घर लागते. इंग्रजांच्या काळात निदान मृत्यूंची जातवार नोंद तरी झाली. कोरोनात मेलेल्यांचे जातनिहाय आकडे सरकारने जाहीरच केले नाहीत. आकडेच नसतील तर अन्याय सिद्ध कसा करायचा?

म्हणून तयारी आजच झाली पाहिजे. ताप-खोकला असेल तर घरी थांबावे, तोंड झाकावे, साबणाने हात धुवावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर झाले तर देवऋषीकडे न जाता तडक रुग्णालय गाठावे. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. लस दरवर्षी घ्यावी लागते. सरकारी रुग्णालयात ती कोणाला मोफत मिळते, याची चौकशी करावी.

जयंतीला शेकडो कार्यकर्ते उभे करणारी आपली मंडळे वस्तीतील वृद्ध, गरोदर भगिनी, मधुमेह व क्षयाचे रुग्ण यांची यादी करू शकत नाहीत काय? बुद्धविहारात ताप मोजण्याची आणि आजाऱ्याच्या घरी जेवण पोचवण्याची सोय होऊ शकत नाही काय? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मूल पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच प्लेगने १० मार्चला त्या गेल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना सेवेची ही वाट नवी नाही.

पण केवळ सेवेने भागणार नाही. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. कंत्राटी सफाई कामगारांना आजारपणाची भरपगारी रजा, मास्क, हातमोजे. वस्तीला पुरेसे पाणी. आरोग्य केंद्रात डॉक्टर. आणि साथीतील मृत्यूंची जातनिहाय नोंद, या मागण्या साथ येण्याआधीच लावून धरल्या पाहिजेत. साथ आल्यावर मोर्चा काढता येत नाही, हे २०२० ने शिकवले आहे.

६१.६ हा आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. पुढच्या साथीत तो पुन्हा लिहिला जाणार की नाही, हे आपण आज काय करतो यावर ठरेल. जयभीम!