पोचपावती हरवली तर?

संगणकक्षेत्रात काम करणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांतली काही ‘मेसेजिंग मिडलवेअर’ नावाच्या प्रकारात गुंतलेली असतात आणि आपण नक्की काय करतो हे आईवडिलांना समजावताना त्यांची त्रेधातिरपीट उडते. वास्तविक ज्याने कधीकाळी मनीऑर्डर केली आहे त्याला हे अवघड जाऊ नये.

बँकेचेच घ्या. खातेवही एका संगणकावर, अफरातफर हुडकणारी प्रणाली दुसऱ्यावर, ग्राहकाला निरोप धाडणारी तिसऱ्यावर. अशा दहा प्रणाली एकमेकींना थेट जोडायच्या तर ४५ जोडण्या होतात, आणि एक झोपली की तिच्याशी बोलणारी ताटकळते. म्हणून मध्ये टपालपेटी ठेवतात. तिला ‘क्यू’, म्हणजे रांग, म्हणतात. पाठवणाऱ्याने संदेश टाकून आपल्या कामाला लागावे. घेणारा सवडीने उचलतो. आयबीएमने १९९३ साली आणलेली ‘एमक्यूसीरीज’ अशीच. आज ती ‘आयबीएम एमक्यू’ म्हणून चालू आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन कंपनीने एकच बातमी एकाच वेळी अनेकांना पोचवणारी ‘इन्फर्मेशन बस’ वॉल स्ट्रीटवर रुजवली. त्यातून १९९७ साली टिबको उभी राहिली. लिंक्डइनमध्ये जन्मून २०११ साली सर्वांना खुल्या झालेल्या ‘काफ्का’च्या तीन कर्त्यांपैकी एक पुण्याच्या नेहा नारखेडे.

असो, कौतुक पुरे. खरी गोम पोचपावतीत आहे.

समजा, संदेश आला की अमुक खात्यातून १,००० डॉलर वजा करा. घेणाऱ्या प्रणालीने ते केले, वहीत नोंद झाली आणि रांगेला ‘पोचले’ असे कळवण्याआधीच वीज गेली. रांगेच्या लेखी संदेश पोचलाच नाही! ती इमानेइतबारे तो पुन्हा देते, आणि घरी पैसे पाठवणाऱ्याच्या खात्यातून १,००० डॉलर दुसऱ्यांदा जातात. बरे, पोचपावती आधी द्यावी, तर काम होण्यापूर्वी वीज गेल्यास संदेशच नाहीसा. पैशांच्या व्यवहारात हरवण्यापेक्षा दोनदा आलेले बरे, असे बहुधा ठरवतात. मग दोनदा येणार हे धरूनच घेणाऱ्याचा प्रोग्राम लिहायला हवा.

‘नेमके एकदाच’ अशी हमी काही उत्पादने देतात. काफ्कात ती २०१७ पासून आहे. पण ती त्याच्या कुंपणाच्या आतली. दुसऱ्या बँकेकडे गेलेली रक्कम किंवा फोनवर गेलेला निरोप तिच्या कक्षेत येत नाही. जाहिरात वाचताना हे ध्यानात असावे.

उपाय जुन्या कारकुनाला शोभेल असा आहे. पाठवणाऱ्याने प्रत्येक व्यवहाराला क्रमांक द्यावा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवावा. (नव्या प्रयत्नाला नवा क्रमांक दिला की सारे मुसळ केरात.) घेणाऱ्याने रक्कम वजा करणे आणि क्रमांक नोंदणे ही दोन्ही कामे डेटाबेसच्या एकाच व्यवहारात करावीत. क्रमांक आधीच नोंदलेला असला तर काही न करता पोचपावती द्यावी. ‘१,००० वजा करा’ऐवजी ‘शिल्लक ४,००० करा’ असा संदेश पाठवण्याची युक्ती काहीजण सुचवतात. तो दोनदा आला तरी बिघडत नाही, हे खरे. पण दोन संदेशांचा क्रम उलटला की जुनी शिल्लक नव्या शिलकेवर बसते.

काही संदेश मुळातच विषारी असतात. तारखेच्या जागी भलतेच काही असते, घेणारा प्रोग्राम कोसळतो, संदेश रांगेत परत येतो, पुन्हा कोसळतो, आणि मागचे सगळे खोळंबतात. चारपाच प्रयत्नांनंतर असा संदेश ‘डेड लेटर क्यू’त टाकतात; नाव टपालखात्यातूनच आले आहे. ही रांग बांधणारे पुष्कळ, रोज सकाळी उघडून पाहणारे थोडे. तेव्हा ते काम एका माणसाच्या नावावर लावून द्यावे. मुख्य रांगेतही संदेश किती आहेत यापेक्षा सर्वांत जुना किती वेळ थांबला आहे, ते पाहावे. दिवाळीच्या तोंडावर साचलेले हजारो संदेश थोड्याच वेळात निघून जातात. मंगळवारपासून एकटाच पडून असलेला संदेश मात्र कोणाच्या तरी घरभाड्याचा असू शकतो.